सुतान परमातोला न्यायला कोण येणार

सुतान परमातोची बायको वारली तेव्हा सगळ्या गावाला एकच प्रश्न पडला होता आणि तो कुणीच मोठ्याने विचारत नव्हतं. माझ्या टपरीवर बसून माणसं उसाबद्दल बोलत, धुक्याबद्दल बोलत, कुणाच्या तरी मेदान शहरातल्या जावयाने घेतलेल्या गाडीबद्दल बोलत, आणि सुतान परमातो वळणावरून येताना दिसला की एकदम आपापल्या करवंटीतल्या कॉफीत बघू लागत. मला ह्या गप्प बसण्याचा भारी राग येतो. सरळ विचारायचं ना, म्हाताऱ्याला न्यायला कोण येणार?

आमच्याकडे पुरुष लग्न करून बायकोच्या घरी जातो. सगळेच घरजावई, त्यामुळे कुणी कुणाला चिडवायची सोय नाही. घर आईचं, आईकडून मुलीला जाणारं. पुरुषाचं स्वतःचं म्हणून जे काही घर असतं ते आधी आईचं, मग बहिणीचं, मग भाचीचं. बायको आहे तोवर तिच्या खोलीत त्याची चटई. ती गेली की दुखवट्याची शेवटची दुवा होते, आणि त्या दिवशी त्याच्या माहेरच्या बायका डोक्यावर ताटं घेऊन येतात आणि आपल्या माणसाला घेऊन जातात. हो, माहेरच म्हणायचं त्याला, दुसरा शब्द नाही. त्याने आपणहून उठून जायचं नाही, गेला तर सासरच्यांनी हाकलला असा अर्थ होतो. आणि राहायचंही नाही, राहिला तर म्हातारा लाज सोडून बसला असं होतं.

सुतान परमातोला दोन बहिणी होत्या. थोरली मूल न होताच वारली. धाकटी नवऱ्यामागे जाकार्ताला गेली, तिला तिन्ही मुलगेच झाले आणि दोन वर्षांपूर्वी ती तिकडेच वारली. म्हणजे घर संपलं. भिंती उभ्या आहेत, दाराला कुलूप आहे, पण ज्या घरात बाई उरली नाही त्याला आमच्याकडे घर म्हणत नाहीत. तीन भाचे आहेत, चांगले पैसेवाले आहेत, ईदला मामाला लुंगी पाठवतात. पण पुरुषाला न्यायला पुरुष येत नसतात.

मी जारूना. गाव मला एतेक रुना म्हणतं, म्हणजे रुनामावशी, आणि माझ्या तोंडाला घाबरतं. माझी टपरी गुऱ्हाळाच्या वळणावर आहे. कॉफीची पानं धुरावर वाळवायची, उकळायची आणि करवंटीतून द्यायची, सोबत तळलेली केळी. तिथून गुऱ्हाळ दिसतं आणि उघडीप असली तर खूप खाली मनिंजाउचं तळंही दिसतं. उघडीप फारशी नसते. मी गेली कित्येक वर्षं बसल्या जागेवरून सुतान परमातोला गूळ करताना बघत आले आहे.

लाकडी चरकाला रेडा जुंपलेला. चक्कर येऊ नये म्हणून रेड्याच्या डोळ्यांवर करवंट्या बांधलेल्या. रेडा गोल फिरतो, रस पन्हळीतून काहिलीत पडतो, आणि सुतान परमातो चुलवणात चिपाडं सारत, मळी काढत, उघड्या अंगाने उभा असतो. रेड्याशी तो दिवसभर बोलतो. माणसांशी मात्र मोजकंच. "आज तुझा रेडा बरा दिसतोय," असं मी ओरडले की तो म्हणे, "त्याला टपरीवाली दिसत नाही, म्हणून बरा आहे." एवढंच. एवढ्यावर माझी दुपार जाई.

हे काम तो आपल्या मामाकडून शिकला. पोरं वयात येऊ लागली की रात्री सुरौत झोपायची, म्हणजे कुळाच्या प्रार्थनाघरात, आणि दिवसा मामाच्या हाताखाली राबायची. आईच्या घरात मोठ्या झालेल्या मुलाला खोली नसते. खोल्या मुलींच्या. मुलाला कळायला लागल्यापासून कळतं की आपण सगळीकडे जरा वेळच आहोत. तेव्हा त्याला सुतान परमातो कुणी म्हणत नव्हतं, ते नाव लग्नात मिळालं. तेव्हा तो झैनीर होता. सडपातळ, कान मोठे, आणि काहिलीतला पाक तर्जनी-अंगठ्यात धरून तार बघायचा तेव्हा ओठ आवळायचा. मी सोळा वर्षांची होते. तार बघण्यासारखी होती.

आता सांगूनच टाकते, गाव जाणतंच. आम्ही दोघं एकाच कुळाचे, सिकुम्बांग. घरं वेगळी, आज्या वेगळ्या, पणज्याही वेगळ्या. कुठे कुठला धागा जुळतो ते कुणाला सांगता येणार नाही. पण कूळ एक म्हणजे बहीण-भाऊ, आणि बहीण-भावाचं लग्न होत नाही. पूर्वी असं केलेल्यांना गाव सोडावं लागे, रेडा कापून दंड भरावा लागे, आणि तरीही परत येता येत नसे. आम्ही काहीच केलं नव्हतं. भात मळताना जरा शेजारी शेजारी उभे राहत होतो. एकदा त्याने मला केळीच्या पानात गरम गूळ आणून दिला आणि तो मी कुणाला दिला नाही, एकटीने खाल्ला. माझ्या आईने माझे चिकट हात पाहिले.

मग त्याचे मामा आणि माझे मामा एका संध्याकाळी सुरौत बसून चहा प्यायले आणि आमचं काय करायचं ते ठरवून उठले. झैनीर महिन्याभरात परदेशी गेला. परदेशी म्हणजे काय, जाकार्ताच्या फुटपाथवर ओढण्या विकायला. आमच्याकडे तरण्या मुलाने गाव सोडून जाणं ही रीतच आहे, त्यामुळे कुणाला वावगं वाटलं नाही, उलट त्याच्या आईने सगळ्यांना कौतुकाने सांगितलं. तो जेमतेम वर्षभर टिकला. "तिथे कशाला वासच नाही गं," परत आल्यावर आमच्या दारात उभं राहून एवढंच म्हणाला, आणि पुढच्या आठवड्यात त्याचं लग्न पिलियांग कुळातल्या श्यामसिनारशी ठरलं.

श्यामसिनार चांगली बाई होती. मला तिचा राग करायला एकही कारण सापडेना, हाच सगळ्यात मोठा त्रास. ती माझ्याकडून केळी न्यायची आणि ताटली कधी रिकामी परत करायची नाही, मिरच्या तरी घालायची. माझंही लग्न झालं. नवरा शेजारच्या गावचा होता. तो पेकानबारूला व्यापाराला गेला आणि तिकडेच दुसरी करून बसला. मुलगी झाली, मोठी झाली, ती जाकार्तात खाणावळ चालवते, मला फोनवर स्वतःची मुलं दाखवते. घरात मी एकटी. संध्याकाळी टपरी बंद केली की मला बोलायला कोणी नसतं आणि मग मी भांड्यांशी भांडते.

श्यामसिनार ताप येऊन गेली. दुखवट्याचे दिवस सुरू झाले तसा सुतान परमातो पहाटे त्या घरातून निघे आणि अंधार पडल्यावर परते, तरुणपणी नवे जावई करतात तसा, पावलांचा आवाज न करता. घरात त्याच्या नातीचं लग्न ठरलेलं होतं. नवा जावई येणार म्हणजे त्याला खोली लागणार. श्यामसिनारचीच खोली द्यावी लागणार होती. कुणी त्याला तसं म्हणालं नाही. फक्त एके दिवशी सुतार येऊन त्या खोलीच्या खिडकीचं माप घेऊन गेला, आणि सुतान परमातो त्या दिवसापासून गुऱ्हाळात चिपाडांच्या ढिगाऱ्यावर दुपारी जरा जास्तच वेळ पडू लागला.

त्याची मुलगी देसनिता मनाने साधी. बरीच वर्षं शहरात राहून आलेली. तिला बापाचे हाल बघवेनात. एक दिवस ती डबा घेऊन गुऱ्हाळात आली. मी करवंट्या धूत होते, सगळं ऐकू येत होतं.

"बाबा, तुम्ही कुठेही जायचं नाही. मी मामांशी बोलते. मागच्या पडवीत तुमची खाट टाकू. तुमचंच घर आहे ते."

सुतान परमातो मळी काढत होता. झारा तसाच हातात धरून तो थांबला.

"कुणाचं घर?"

"तुमचं! चाळीस वर्षं राहिलात, अजून कुणाचं?"

"देसी," तो अगदी हळू म्हणाला, "माझं घर वर टेकाडावर आहे. कुलूप आहे, पण आहे."

"तिथे कोण आहे, बाबा?"

तिने ते प्रेमाने विचारलं. मी शपथेवर सांगते, तिच्या मनात काही नव्हतं. पण आमच्यातल्या कुठल्याही म्हातारीने असा प्रश्न त्याला विचारला नसता. जावयाला 'हे घर तुझं' म्हणणं म्हणजे तुला दुसरं कुणी नाही असं तोंडावर सांगणं. आणि वर तिथे कोण आहे! सुतान परमातोने डबा घेतला, बाजूला ठेवला, आणि ती वळणापलीकडे गेल्यावर रेड्यापुढे ओतला. रेंदांग, म्हणजे नारळात आटवलेलं मसाल्याचं मटण, रेडा खात नाही. तो भात-मटणापुढे नुसता उभा राहिला, डोळ्यांवर करवंट्या बांधलेला.

त्या दिवसापासून तो त्या घरी जेवेना. माझ्याकडे यायचा, पानांची कॉफी घ्यायचा. मी विचारलं, "जेवलास?" की म्हणे, "जेवलो." खोटं. खोटं बोलणाऱ्याचे कान लाल होतात हे मला त्याच्याबाबतीत फार आधीपासून माहीत आहे.

शेवटच्या दुवेला थोडे दिवस उरले तेव्हा आमच्या कुळाचे दातुक टपरीवर आले. दातुक म्हणजे कुळाचे प्रमुख. आमचे दातुक पूर्वी शाळेत ड्रिल शिकवायचे, त्यामुळे बसले तरी ताठ. त्यांनी दोन करवंट्या कॉफी संपवली, केळी खाल्ली, धुक्याची चौकशी केली. आमच्याकडे साधं पाणी मागायचं असलं तरी आधी पाऊण तास इकडचं-तिकडचं बोलावं लागतं. मी मुद्दामच काही विचारलं नाही.

"कुळात काही एकच घर नसतं, रुना," शेवटी ते म्हणाले.

"बरं."

"एक घर संपलं तर कुळातल्या दुसऱ्या घरची बाई जाऊ शकते न्यायला. तिने चारचौघांत सांगायचं, मी ह्याची बहीण. मग तो तिच्या घरचा. जेवण तिच्याकडे, आजारपण तिच्याकडे, शेवटचं उचलणंही तिच्याच घरातून."

"जाऊ दे की मग कुणालातरी."

"कुणाला? सुहैबाकडे आधीच दोन मामा आहेत. मार्याच्या घराला कुलूप. नुरेला डोळ्यांनी दिसत नाही."

"एवढं मोठं कूळ आणि..."

"एवढं मोठं कूळ जाकार्तात आहे," दातुक म्हणाले. "इथे तू आहेस."

मी फडकं आपटलं. "मला नाही जमायचं. टपरी आहे, गुडघे दुखतात."

"गुडघ्यांनी काही म्हणायचं नाहीये, रुना, तोंडाने म्हणायचंय." दातुक उठले. त्यांना सगळं माहीत होतं. त्या संध्याकाळी सुरौत जे दोन मामा चहा प्यायले होते त्यातले एक दातुकांचे वडीलभाऊ. जाताना त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, ते एक बरं केलं.

गुडघ्यांचं खरंच नव्हतं. मला ते वाक्य म्हणायचं नव्हतं. सगळ्या गावाने आम्हाला बहीण-भाऊ ठरवलं, मामांनी ठरवलं, रीतीने ठरवलं. पण मी स्वतः कधी तसं म्हणाले नव्हते. एवढी एकच गोष्ट माझ्याकडे उरली होती. कुणाला दिसत नव्हती, कुणाच्या उपयोगाची नव्हती, पण माझी होती. ती आता उठून पिलियांगांच्या ओसरीवर, शंभर माणसांपुढे टाकून यायची? मी रात्रभर दातुकांना शिव्या दिल्या.

दुसऱ्या दिवशी सुतान परमातो आला. धुकं इतकं होतं की मी त्याला अगदी बाकापाशी आल्यावरच पाहिलं. तो बसला नाही.

"दातुक आले होते म्हणे."

"आले होते. चार केळी खाऊन गेले."

"तू नको येऊस, रुना," तो म्हणाला. "मी त्यांना सांगितलंय. दुवा झाली की मी गुऱ्हाळातच राहीन. लोकांना काय म्हणायचं ते म्हणू दे."

"मी येते असं म्हणाले कधी?"

"नाही म्हणालीस. म्हणूनच सांगतोय." आणि मग, "मला कळतं ते." त्याने करवंटी घेतली, तोंडाला लावली आणि न पिताच खाली ठेवली. पोटात काही नसलं की म्हाताऱ्या माणसाला कॉफीही उतरत नाही. तो गेला, आणि गुऱ्हाळातून रेड्याला हाकारल्याचा आवाज आला.

त्यालाही कळत होतं. इतकी वर्षं त्याच्याजवळही तेच होतं, आणि ते जपायला तो उपाशी राहायला तयार होता, बेवारशी म्हणून चिपाडांवर मरायला तयार होता. मला आधी आनंद झाला. खोटं कशाला सांगू, भरून येईल इतका आनंद झाला. आणि मग मी त्या न प्यायलेल्या कॉफीकडे बघत बसले आणि मला स्वतःची लाज वाटली. मग मी टपरी बंद केली आणि मटण आणायला गेले.

रेंदांग सकाळपासून संध्याकाळपर्यंत ढवळावं लागतं. सुहैबा आली, नुरेही आली, दिसत नसलं तरी नारळ खवता येतो म्हणाली. आम्ही बांबूत चिकट भात भरून निखाऱ्यांवर लावला. सुहैबा म्हणाली, "एतेक, तुमचे डोळे." मी म्हणाले, "कांदा." तिथे कांदा नव्हता.

दुवेच्या दिवशी आम्ही तिघी काळे पोशाख घालून, ताटं डोक्यावर घेऊन निघालो, नुरे सुहैबाचा हात धरून. दातुक पुढे ताठ. पिलियांगांची ओसरी माणसांनी भरलेली होती. सुतान परमातो जावयांच्या जागी, दाराजवळ, खाली मान घालून बसला होता. ताटं बघून त्याने मान वर केली आणि पुन्हा खाली घातली. मग भाषणं सुरू झाली. आमचे दातुक बोलत, त्यांचे दातुक उत्तर देत, पुन्हा आमचे. गुडघे खरंच दुखू लागले.

अखेर देसनिताच्या मामांनी विचारलं, "आमच्या घरात हा माणूस चाळीस वर्षं मानाने राहिला. आम्ही त्याला कुणाच्याही हाती देणार नाही. न्यायला आलेली बाई त्याची कोण?"

सगळे माझ्याकडे बघू लागले. दातुकही. फक्त तो बघत नव्हता.

"बहीण," मी म्हणाले.

आवाज बसका आला. मामांनी कानाला हात लावला. म्हातारे आहेत, त्यांना ऐकू येत नाही.

"मी ह्याची बहीण आहे," मी ओरडून म्हणाले. "ह्याला घरी न्यायला आलेय."

विड्याचं तबक त्याच्यापुढे ठेवलं. विडा उचलला की कबूल. त्याने बराच वेळ उचलला नाही. देसनिता रडायला लागली. मग त्याने विडा उचलला, तोंडात घातला, आणि मामांना म्हणाला, "माझी बहीण आलीय. निघतो मी." स्वच्छ म्हणाला. माझ्यासारखं दोनदा म्हणावं लागलं नाही.

त्याचं सामान एका गाठोड्यात मावलं. देसनिता पाया पडली तेव्हा त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "चुलीजवळचं लोणचं उन्हात ठेव." वाटेत उसातून तो पुढे चालला, मी त्याच्यामागे. सुहैबा आणि नुरे मागे हसत होत्या, त्यांना वाटलं सगळं छान झालं. छान झालंच होतं.

माझ्या घरी मी त्याला भिंतीपाशी, मामाच्या मानाच्या जागेवर बसवलं आणि भात वाढला. तो जेवला. तीनदा भात घेतला, एकदा 'मीठ कमी आहे' म्हणाला. माझ्या घरात पुरुष शेवटचा असा कधी जेवला ते मला आठवत नाही. मी समोर बसले होते आणि मला वाटत होतं, हे असंच व्हायचं होतं आणि हे अजिबात असं व्हायचं नव्हतं.

जेवून झाल्यावर त्याने हात धुतले आणि गाठोडं उचललं. सख्खा भाऊ असला तरी तो बहिणीच्या घरी झोपत नाही. सुरौ आहे. तिथे आता पोरंही झोपत नाहीत, ती घरीच मोबाइल बघत लोळतात. तिथे तो एकटाच असणार होता. मी त्याला एक चादर दिली. पायरीवरून तो वळला.

"उद्या येऊ का जेवायला?" त्याने विचारलं.

"भाऊ विचारून येत नसतात," मी म्हणाले.

त्याने मान हलवली आणि धुक्यात सुरौकडे चालू लागला. मी दार लावून घेतलं आणि त्याचं ताट घासायला बसले.